बाळंतिणीच्या खोलीतली पाचर

मी पाचर बोलतेय. बाभळीच्या लाकडाची, वीतभर लांब, एका टोकाला तीन बोटं जाड आणि दुसऱ्या टोकाला नखाएवढी पातळ. माझं नाव तुम्ही ऐकलं असेल, पण चांगल्या कामात नाही. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाची दरखास्त कचेरीत अडली, की लोक म्हणतात, "अमक्यानं मधे पाचर मारली." मारतो माणूस आणि बदनाम होते मी. असो. मला राग येत नाही. मी मुळात समाधानी जातीची आहे, आणि आज जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्हालाही ते पटेल.

माझी आई म्हणजे पालमजवळच्या माळावरची एक बाभूळ. तिच्या सावलीत माझ्या धन्याच्या, रायभानच्या, बापाची मेंढरं बसत. एका वावटळीत तिची मोठी फांदी मोडली. बाप म्हणाला, कुंपणाला टाक. रायभाननं ती घरी ओढत नेली, दोन उन्हाळे माळवदावर वाळवली आणि मग तिच्यातून आम्हा पाच बहिणींना तासून काढलं. मी तिसरी. मधल्या लेकीचं जे होतं तेच माझं झालं. लाड थोरलीचे आणि धाकटीचे, काम मात्र माझ्या वाट्याला जास्त.

निजामाच्या अमलातले ते दिवस. रेल्वेमुळे शहाबादी फरशी आपल्या भागात येऊ लागली होती. ज्याचं पीक बरं आलं त्याला घरात गुळगुळीत फरशी हवीशी वाटे. पण नवी यायची तर जुनी आधी निघायला हवी ना? चुन्यात बसवलेली काळी ओबडधोबड फरशी उचलणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. बाकीचे लोक पहार घालत, घणाचे घाव घालत आणि मालकाच्या पुढ्यात दगडांचा चुरा ओतत. रायभान फरशी अख्खी काढून द्यायचा. जुनी फरशी गोठ्यात चालते, आडाच्या काठावर चालते, देवळाच्या पायरीला चालते. म्हणून पालमपासून गंगाखेडापर्यंत त्याला बोलावणी येत. हे काम तो चुडाव्याच्या स्टेशनावर मालधक्का बांधताना एका म्हाताऱ्या गवंड्याकडून शिकला होता.

कामाची रीत साधी होती. फरशीच्या सांध्यातला चुना शिंगाच्या टोकानं खरवडायचा. मग आम्हा कोरड्या पाचरींना त्या फटीत लाकडी मोगरीनं हलकेच बसवायचं आणि वरून थोडं थोडं पाणी सोडायचं. कोरडं लाकूड पाणी पिऊन फुगतं. आम्ही फुगलो की फरशी ज्वारीच्या दाण्याएवढी वर उचलली जाते. एकदा तेवढी उचलली की खाली गोणपाट सरकवायचं आणि गोल दांड्यांवरून तिला बाहेर न्यायचं. चार माणसांना न हलणारा दगड आम्ही पाच बहिणी पाण्याच्या बळावर हलवायचो. याचा मला अजून अभिमान वाटतो, लपवत नाही.

पाणी घालायचं काम रायभानच्या बायकोचं, केवळाबाईचं. किती घालायचं, कधी थांबायचं, हे तिलाच कळे. जास्त पाणी पडलं तर फरशी तडकते, कमी पडलं तर हलत नाही. लोक मात्र म्हणत, "रायभानच्या हाताला गुण आहे." केवळाबाई पदराआड हसायची आणि चंबू भरायला जायची.

माणसांच्या घरात असं जमिनीलगत राहिलं की पुष्कळ बघायला मिळतं. प्रत्येक घराचा मालक पहिली फरशी उचलताना आवर्जून येऊन बसायचा. मोहरांचा हंडा निघेल ही आशा. तोंडानं म्हणायचा, "मी आपला सहज बसलोय." पहिल्या फरशीखालून चिंचोके निघत, दुसरीखालून फुटक्या बांगड्या, आणि तिसरी उचलेपर्यंत मालकाला शेतावरचं काम आठवलेलं असे.

आता त्या घराची गोष्ट सांगते.

फसली तेराशे सेहेचाळीसचं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीसचं, ते साल होतं आणि चैत्राचे दिवस होते. चुडाव्यापासून कोसभर असलेल्या एका गावात किशनराव नावाच्या बऱ्यापैकी जमीनदाराचं माळवदी घर होतं. त्यांची लेक मनकर्णा बाळंतपणाला माहेरी आली होती. याआधी दोनदा तिची कूस भरली आणि दोनदा वेळेआधीच रिकामी झाली होती. आता तिसऱ्यांदा आठवा महिना पुरा होत आला होता आणि सगळं घर श्वास रोखून होतं.

अडचण होती बाळंतिणीच्या खोलीची. तिथली जुनी फरशी खालून उंदरांनी पोखरली होती आणि त्या पोकळीत विंचवांनी संसार थाटला होता. त्या महिन्यात दोन निघाले. एकानं तर मनकर्णाच्या आईच्या, पार्वतीबाईंच्या, अंगठ्यालाच डंख मारला. किशनरावांनी शहाबादी मागवली, ती चुडाव्याच्या स्टेशनावर उतरलीही. मग त्यांनी रायभानला निरोप धाडला.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर नवरा-बायकोची चकमक चालू होती.

"घरात लेक गरवार हाय. ह्या घरात घाव पडायचा न्हाई," पार्वतीबाई म्हणत होत्या. "लोखंडाचा न्हाई, लाकडाचा न्हाई. खिळासुदीक ठोकायचा न्हाई. घाव पडला की पोटातल्या लेकराला लागतो."

"मंग इच्चवायच्या संगतीत निजवायची का तिला?" किशनराव म्हणाले.

"तसं कुठं मनलं मी? फरशी काढा, पर घाव घालू नका."

किशनरावांनी कपाळाला हात लावला. रायभान डोक्याचं मुंडासं सोडत पायरीवर बसला आणि शांतपणे म्हणाला, "काढतो की, माय. बिनघावाची काढतो. येळ लागंल, पर आवाज यायचा न्हाई."

पार्वतीबाईंनी त्याची पहार आणि मोगरी दोन्ही काढून घेतली आणि बाहेरच्या कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवली. विश्वास होता, पण अवजारं नजरेआड ठेवून.

मग सुरू झालं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम. मोगरी नाही म्हणून रायभान आम्हाला टाचेनं दाबून फटीत बसवायचा. एरवी जिथं आमच्या डोक्यावर दहा टोले पडत, तिथं आता टाच आणि पाणी. एका फरशीला अर्धा दिवस लागू लागला. चैत्रात आडाचं पाणी खोल गेलेलं. केवळाबाईचे दोर ओढून तळहात सोलवटले, पण तिनं चंबूची धार कधी जाड होऊ दिली नाही.

मनकर्णा दारात पाट टाकून बसायची. हातात कैरीची फोड आणि मीठ. तिला आमचं नवल वाटे.

"मावशी, हिला फुगताना दुखत आसंल का हो?" तिनं एकदा विचारलं.

"दुखत आसंल की," केवळाबाई म्हणाली. "पर ती कुठं बोलायलीय?"

मनकर्णा हसली आणि कैरीची फोड मिठात बुडवत राहिली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "मला लय भ्या वाटायलंय, मावशी. मायला सांगू नका. ती आधीच घाबरलीय."

केवळाबाईनं चंबू खाली ठेवला आणि ओल्या हातानं तिचा हात धरून बसली. त्या दिवशी मला पाणी पहिल्यांदाच उशिरा मिळालं आणि मी अजिबात तक्रार केली नाही.

नऊ दिवसांत सगळी फरशी निघाली. खालून विंचूही निघाले. रायभाननं ते चिमट्यानं मडक्यात धरून दूर ओढ्यापलीकडे सोडले. उरली फक्त एक. भिंतीलगतची, सगळ्यात मोठी, दारासमोरच. तिच्या नि भिंतीच्या सांध्यात रायभाननं मला एकटीलाच बसवलं होतं, बाकीच्या चौघी झोळीत वाळत होत्या. केवळाबाईनं माझ्यावर पहिली धार सोडली आणि तेवढ्यात माजघरातून मनकर्णाची हाक आली. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते आणि कळा सुरू झाल्या होत्या.

घराची एकच धांदल उडाली. पुरुषमाणसांना बाहेर काढलं. रायभान ओसरीवर किशनरावांच्या शेजारी जाऊन बसला. मनकर्णाला माजघरातच बाजेवर घेतलं. गावची सुईण कोंडाबाई आली. तिनं पोटावरून हात फिरवला आणि हुकूम सोडला, "घरातलं बांधलेलं समदं सोडा. कुलपं उघडा, गाठी सोडा, झाकणं काढा. काय बी अडलेलं ठिवू नका."

तुम्हाला ठाऊकच असेल, बाळंतीण अडू नये म्हणून आपल्याकडे हे करतात. पण पार्वतीबाईंनी ते ज्या तडफेनं केलं तसं मी कुठंच पाहिलं नाही. पेटीची कुलपं उघडली. कणगीची झाकणं काढली. स्वतःचा अंबाडा सोडला. मनकर्णाची वेणी सोडली. बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, "कोटाच्या गुंड्या सोडा." किशनराव गावच्या पंचांसमोर बसतानासुद्धा गळ्याची गुंडी सोडत नसत, पण तेही उघड्या छातीनं बसून राहिले. शेवटी पार्वतीबाई गोठ्यात गेल्या आणि गाई-वासरांची दावीसुद्धा सोडून आल्या.

इथंच घोटाळा झाला. सुटलेलं एक तांबडं वासरू गाईला पिऊन झाल्यावर हुंदडत थेट घरात शिरलं. सगळी दारं उघडीच होती. बायकांनी हाकललं तर ते बावरलं आणि माजघराच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या रांजणाला जाऊन धडकलं. रांजण कलंडला. फरशी निघाल्यामुळे आमच्या खोलीची जमीन खाली गेली होती; सगळं पाणी उंबऱ्यावरून लोटत खोलीत आलं आणि माझ्या अंगावर.

मी काय करणार? कोरडं लाकूड पाणी पितं. मी प्यायले. तहान भागल्यावरही पीत राहिले. दोन घटकांत मी अशी फुगले की सांध्यात मावेनाशी झाले, आणि भिंतीखाली दबलेली ती थोरली फरशी काही वर उठेना. ना ती हलत होती, ना मी.

कोंडाबाईनं पाणी कुठं गेलं ते बघायला दारातून डोकावलं आणि तिचा चेहरा उतरला. "ही काय अडकलीय?"

"पाचर हाय," केवळाबाई म्हणाली.

"समदं घर सोडलं आन् ऐन दारासमूर पाचर मारून ठिवली! काढ ती आधी."

मग पार्वतीबाईंचा आवाज आला, कापरा, "केवळाबाई, काढ गं माय. दोनदा गेलंय माज्या लेकीचं. काढ ती."

केवळाबाईनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. सोलवटलेल्या तळहातांतून रक्त आलं. मी तसूभर हलले नाही. बाजूनं एक टोला बसता तर मी सुटलेही असते, पण टोला घालायचा नव्हता. फरशी उचलायला रायभानला बोलवावं तर पुरुषानं आत यायचं नव्हतं. आणि वाळून बारीक व्हायला मला निदान दोन दिवस हवे होते.

खरं सांगते, आयुष्यात तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. कळा वाढत होत्या, पण बाळ पुढं सरकत नव्हतं. मनकर्णाला आमचं सगळं बोलणं ऐकू जात होतं. प्रत्येक कळेनंतर ती विचारायची, "निगाली का?" आणि पार्वतीबाई विचारायच्या, "निगाली का?" आणि केवळाबाई म्हणायची, "निगायलीय, निगायलीय." मनकर्णाचा जोर कमी कमी होत चालला. माझ्यामुळे काही होत नव्हतं हे मला माहीत होतं. पण तिला ते कोण सांगणार? तिच्या मनात मी तिच्या वाटेतच अडकून बसले होते. आणि काही वाईट झालं असतं, तर साऱ्या पंचक्रोशीनं म्हटलं असतं, रायभानच्या पाचरीनं लेकीचा जीव घेतला. त्या नवरा-बायकोला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

दुपार कलली. कोंडाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "पोरीनं धीर सोडलाय. आता आवघड हाय."

केवळाबाई माझ्यासमोर बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिनं हळूच झोळी ओढली, आत हात घातला आणि माझी थोरली बहीण बाहेर काढली. फरशीखाली सरकवायची, पाण्यानं भिजलेली गोणी माझ्यावर टाकली आणि उठून दारात उभी राहिली. बहिणीला डोक्याच्याही वर धरून ती अशी ओरडली की ओसरीवरचा रायभान दचकून उभा राहिला.

"निगाली! निगाली गं माय, निगाली!"

पार्वतीबाईंनी हात जोडले. आणि माजघरातून एक विचित्र आवाज आला, रडण्याचा की हसण्याचा ते मला गोणीखाली कळलं नाही. मग कोंडाबाई ओरडू लागली, "हां, आता! आता लाव जोर! आलं, आलं!" थोड्याच वेळात एक बारीक, कोवळा आणि भलताच चिडका आवाज त्या घरात पहिल्यांदा उमटला.

मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होत्या. आणि मी अजून अडकलेलीच होते.

केवळाबाई माझ्यावरच्या गोणीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग तशीच दोन दिवस तिनं मला कुणाच्या दृष्टीला पडू दिलं नाही. बाळंतिणीच्या शेकासाठी पेटवलेल्या शेगडीतले निखारे ती खापरात घेऊन यायची आणि माझ्याजवळ ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी इतकी वाळले की तिनं मला दोन बोटांनी उचलून घेतलं. त्यानंतर उरलेल्या बहिणींनी थोरल्या फरशीला नीट वर काढलं. उंदरांची बिळं मुरूम घालून बुजवली, जमीन शेणानं सारवली, आणि पाचवीच्या दिवशी मनकर्णा लेकीला घेऊन त्या खोलीत आली. शहाबादी पुढं सवा महिन्यानं बसली.

बारशाला केवळाबाईला लुगडं-चोळी मिळाली. पार्वतीबाईंनी माझ्या थोरल्या बहिणीला मागून घेतलं, तिला हळदकुंकू लावलं आणि पाळण्याच्या दोरीला बांधलं. नंतर ती देव्हाऱ्यात गेली. गावात कुणी अडली की तिला तिथं नेतात म्हणे. मी हसते. काम केलं मी, अडकले मी, आणि पूजा तिची! पण आमच्यात हेवा नाही. तिला तूप-निरांजनाचा वास मिळतो, मला पाणी मिळतं. मला पाणीच आवडतं.

त्यानंतर दहा-बारा वर्षं आम्ही चौघींनी पुष्कळ घरं मोकळी केली. अलीकडे रायभानचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून फटीत पाचर केवळाबाईच बसवते आणि पाणी तो घालतो. जास्त घालतो, आणि मग बोलणी खातो. यंदा राज्य बदललं, निजामाचा अंमल गेला. माझं एक टोक झिजलंय आणि कडेला चीर पडलीय. केवळाबाई मला आता हलकी कामं देते.

मागच्या महिन्यात पालमच्या बाजाराला आलेली एक बैलगाडी आमच्या दारात थांबली. मनकर्णा उतरली, आणि तिच्यामागून अकरा वर्षांची नर्मदा, वासरासारखीच हुंदडत. चहापाणी झालं. पोर मेंढरं बघायला पळाली तशी मनकर्णा पुढं सरकली आणि म्हणाली, "मावशी, मला खरी पाचर दावा."

केवळाबाईच्या हातातली बशी कलली. "खरी मंजी?"

"जी अडकली व्हती ती. तुमी दुसरी झोळीतून काढताना मी बगितलं व्हतं. माजं तोंड दाराकडंच व्हतं की."

केवळाबाई खाली मान घालून बसली. मग म्हणाली, "मंग तवा बोलली का न्हाईस, बाई?"

"बोलू काय? तुमी ती पाचर डोक्यावर धरून एवढ्या मोठ्यानं वरडलाव, मला हसूच आलं. कळा चालू आन् हसू! सकाळधरून जीव मुठीत धरला व्हता, तो हसताना सुटला. आन् तितक्यात ती बी सुटली." तिनं अंगणात मेंढराच्या मागं धावणाऱ्या लेकीकडे बोट केलं.

दोघी हसत राहिल्या, डोळे पुसत. केवळाबाईनं मला झोळीतून काढलं आणि तिच्या हातात दिलं. मनकर्णानं माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला. काय सांगू, इतक्या वर्षांत माझ्यावर पाणी पुष्कळांनी ओतलं, पण असा हात कुणी फिरवला नव्हता.

निघताना ती एवढंच म्हणाली, "मायला कळू देऊ नका, मावशी. ती आजून रोज त्या दुसरीला हळद लावती."

म्हणून वाचकहो, तुमच्याकडेही माझं तेवढंच मागणं आहे. कधी चुडाव्याकडे गेलात आणि त्या घरी पार्वतीबाईंनी देव्हाऱ्यातली पाचर दाखवली, तर हात जोडा आणि गप्प बसा.